कार्यस्थळी सामाजिक सहयोग साधने व खुलेपणा

सामाजिक सहयोग साधने म्हणजे एखाद्या संस्थेतील लोकांना एकत्र लिहिता यावे, प्रश्न विचारता यावेत, उत्तरे देता यावीत आणि आपले काम इतरांना दिसेल अशा ठिकाणी ठेवता यावे, यासाठी असलेल्या संगणकीय प्रणाली होत. विकी, सामायिक दस्तऐवज, अंतर्गत चर्चापट, कार्यालयीन समाजमाध्यमे आणि विषयवार संदेशवाहिन्या यांचा त्यांत समावेश होतो. कामाविषयीची माहिती, निर्णय, त्यांमागील कारणे आणि झालेल्या चुका संबंधितांना न मागता पाहता येणे, याला या संदर्भात खुलेपणा असे म्हटले जाते.

साधन आणि खुलेपणा या दोन गोष्टी सहसा एका श्वासात उच्चारल्या जातात. प्रत्यक्षात त्या भिन्न आहेत. साधन विकत घेता येते व काही दिवसांत बसवता येते. लिहिणाऱ्याला आपल्या लिहिण्याची किंमत बढतीत, वेळेत किंवा प्रतिष्ठेत मोजावी लागत असेल, तर मात्र ते साधन रिकामे राहते. १९८० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांतून हा निष्कर्ष वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा पुढे आला आहे.

संकल्पना

अमेरिकी अभ्यासक अँड्र्यू मॅकाफी यांनी २००६ साली एमआयटी स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यू या नियतकालिकात या साधनांविषयी लेख लिहून त्यांना 'एंटरप्राइझ २.०' हे नाव दिले. कार्यालयीन संपर्काच्या साधनांचे त्यांनी दोन वर्ग केले : वाहिन्या आणि मंच. ईमेल, दूरध्वनी व व्यक्तिगत संदेश या वाहिन्या होत. त्यांतून जाणारा मजकूर पाठवणाऱ्याला आणि ज्याला पाठवला त्यालाच दिसतो. तिसऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. मंचावर मजकूर पाठवला जात नाही, ठेवला जातो. तो कोणी वाचावा हे लिहिणारा ठरवत नाही. ज्याला गरज पडेल तो शोधून वाचतो. ही गरज पुष्कळदा लिहिणाऱ्याला ठाऊकही नसते. एका शाखेतील अभियंत्याने सोडवलेली अडचण दोन वर्षांनी दुसऱ्या शाखेत नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीपुढे उभी राहते, तेव्हा ईमेलमध्ये पडून असलेले उत्तर तिच्या उपयोगाचे नसते.

या विभागणीचा संबंध साधनाच्या नावाशी नसून वापराशी आहे. एकाच प्रणालीतील सर्वांना दिसणारी विषयवाहिनी हा मंच असतो आणि तिच्याच शेजारचा दोघांमधील खासगी संवाद ही वाहिनी असते. त्यामुळे एखाद्या संस्थेत अमुक एक साधन वापरले जाते, एवढ्यावरून तेथे खुलेपणा आहे की नाही हे सांगता येत नाही.

पूर्वपीठिका

एकत्रित कामासाठी संगणक वापरण्याची कल्पना वैयक्तिक संगणकापेक्षाही जुनी आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखवलेल्या प्रात्यक्षिकात माउस व परस्परांना जोडलेले मजकूर यांबरोबरच, वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या दोन व्यक्तींनी एकाच पडद्यावर एकाच वेळी काम करणे हा भागही होता. पुढे माउस जगभर पोहोचला. एकत्रित कामाच्या भागाला मात्र कित्येक दशके वाट पाहावी लागली.

१९७३ साली इलिनॉय विद्यापीठातील प्लेटो या शैक्षणिक संगणकप्रणालीवर डेव्हिड वूली यांनी 'नोट्स' नावाची चर्चासुविधा तयार केली. तेथेच विद्यार्थी असलेल्या रे ओझी यांनी पुढे त्याच कल्पनेवरून लोटस नोट्स ही प्रणाली उभी केली व ती १९८९ साली बाजारात आली. मोठ्या कंपन्यांमध्ये पसरलेले हे पहिले महत्त्वाचे सहयोग साधन होय. आयबीएमने १९९५ मध्ये लोटस कंपनी सुमारे ३.५ अब्ज डॉलरना विकत घेतली, त्यामागे नोट्स हेच मुख्य आकर्षण होते.

त्याच वर्षी, २५ मार्च १९९५ रोजी, वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली. आज्ञावली लिहिणाऱ्यांना आपले अनुभव एकमेकांस सांगता यावेत, हा तिचा मर्यादित हेतू होता. होनोलुलू विमानतळावरील 'विकी विकी' नावाच्या बसवरून तिला हे नाव मिळाले; हवाई भाषेत 'विकी' म्हणजे जलद. कोणीही पान बदलावे, बदलाची नोंद राहावी आणि चूक झाल्यास मागील आवृत्तीवर परत जाता यावे, ही रचना इतकी साधी होती की सुरुवातीला ती गंभीर कामासाठी अपुरी वाटणे स्वाभाविक होते. परवानगी आधी घ्यायची की चूक नंतर सुधारायची, या प्रश्नाला विकीने दिलेले उत्तर कार्यालयीन शिस्तीच्या नेमके उलट होते.

ग्रुडिन व ऑर्लिकोव्स्की यांचे अभ्यास

जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये, सहयोगासाठी बनवलेल्या प्रणाली का फसतात या विषयावर शोधनिबंध सादर केला. त्यांचे गाजलेले उदाहरण सामायिक दिनदर्शिकेचे आहे. सर्व कर्मचाऱ्यांच्या वेळा एकत्र दिसल्या तर बैठक ठरवणे सोपे जाते; हा लाभ बैठका बोलावणाऱ्या अधिकाऱ्याला आणि त्याच्या सचिवाला मिळतो. दिनदर्शिका रोज भरण्याचे काम मात्र प्रत्येक कर्मचाऱ्याला करावे लागते आणि त्यातून त्याला स्वतःला फारसे काही मिळत नाही. परिणामी तो ती भरत नाही आणि प्रणाली निरुपयोगी ठरते. कष्ट एकाचे व लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती असलेले साधन तांत्रिकदृष्ट्या कितीही उत्तम असले तरी टिकत नाही, असे ग्रुडिन यांनी दाखवले. साधन विकत घेण्याचा निर्णय लाभ होणाऱ्या व्यक्तीच्या हाती असतो, म्हणून ही विषमता खरेदीच्या वेळी दिसत नाही, हेही त्यांचे निरीक्षण होते.

चार वर्षांनी वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत लोटस नोट्सचा स्वीकार कसा झाला याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीचे खरे नाव न देता त्यांनी तिला 'अल्फा' म्हटले. तेथील तंत्रज्ञानप्रमुखाने प्रणाली पाहताक्षणीच तिचे महत्त्व ओळखले आणि हजारो कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर ती बसवण्याचा निर्णय घेतला. देशोदेशींच्या शाखांमधील सल्लागारांचे ज्ञान एकत्र येईल, अशी अपेक्षा होती.

ती फारशी फलद्रूप झाली नाही. कारणे कंपनीच्या घडणीतच होती. तेथील सल्लागाराने एकतर वरच्या पायरीवर चढायचे, नाहीतर कंपनी सोडायची, असा रिवाज होता. ज्याच्याजवळ इतरांना नसलेले ज्ञान, त्याला बढती. मग ते ज्ञान सहकाऱ्यांपुढे मांडणे म्हणजे स्पर्धकाच्या हाती आपले शस्त्र देणे. शिवाय प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या खात्यावर लावावा लागे. नवीन साधन शिकण्यात किंवा त्यावर नोंद लिहिण्यात गेलेला तास कोणाच्याच खात्यावर लावता येत नसे, म्हणजे तो कर्मचाऱ्याच्या कामगिरीतून वजा होई. अनेकांनी नोट्सचा उपयोग ईमेल किंवा फाइली पाठवण्यापुरता केला. याला अपवाद होता तो तंत्रसाहाय्य करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा. त्यांना तास विकायचे नव्हते आणि त्यांच्यात तशी चढाओढही नव्हती; त्यांनी परस्परांच्या अडचणी सोडवण्यासाठी प्रणालीचा मनमुराद वापर केला. कंपनी तीच आणि साधनही तेच असल्याने हा फरक केवळ प्रशिक्षणाच्या अभावाने समजावून सांगता येत नाही.

झेरॉक्सचे तंत्रज्ञ व 'युरेका'

याच्या उलट उदाहरण छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांचे आहे. कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात काम करणारे मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९८० च्या दशकात या तंत्रज्ञांबरोबर हिंडून त्यांच्या कामाची नोंद केली. त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपनीच्या दृष्टीने तंत्रज्ञाचे काम एकट्याचे होते : बिघाडाचा सांकेतिक क्रमांक पाहायचा, नियमपुस्तिकेतील पायऱ्या अनुसरायच्या, यंत्र सुरू करायचे. प्रत्यक्षात पुस्तिकेत न बसणारे बिघाड पुष्कळ असत आणि त्यांची उत्तरे तंत्रज्ञ सकाळच्या न्याहारीच्या वेळी, एकमेकांना किस्से सांगत शोधत. ज्या भेटीगाठी हिशोबाच्या चष्म्यातून वेळेचा अपव्यय ठरल्या असत्या, त्याच या धंद्याच्या खऱ्या पाठशाळा होत्या.

या निरीक्षणातून 'युरेका' ही प्रणाली जन्मास आली. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये, त्या देशात घरोघरी पोहोचलेल्या मिनिटेल या यंत्रणेवर तिचा वापर सुरू झाला. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहून पाठवायची. अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासून पाहायची. योग्य ठरल्यास ती सर्वांसाठी खुली करायची. प्रत्येक युक्तीखाली ती शोधणाऱ्याचे नाव राहत असे. युक्तीमागे काही रक्कम द्यावी, अशी एक सूचना आरंभी पुढे आली होती, ती तंत्रज्ञांनीच नाकारली. पैसे ठेवले तर संख्या वाढेल, गुणवत्ता घसरेल, असे त्यांचे म्हणणे होते. नाव मात्र राहिले पाहिजे, याबद्दल ते आग्रही होते. पुढे ही प्रणाली इतर देशांतही पोहोचली.

अल्फा आणि युरेका यांची तुलना या विषयावरील लेखनात अनेकदा केली जाते आणि ती उद्बोधकही आहे. तरी एक भेद विसरता येत नाही. तंत्रज्ञांमध्ये किस्से सांगण्याची रीत आधीपासून होती. संगणकाने तिला लांबचा पल्ला दिला. अल्फामध्ये अशी रीतच नव्हती.

इंटेलिपीडिया

खुलेपणाची सर्वांत अवघड परीक्षा ज्या संस्थांचे कामच गुप्ततेचे, अशा संस्थांमध्ये झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगाने, वेगवेगळ्या गुप्तचर संस्थांकडे असलेले धागेदोरे एकत्र आले नाहीत, याकडे लक्ष वेधले. ज्याला कामापुरती गरज आहे त्यालाच माहिती द्यायची, हा शीतयुद्धकालीन दंडक होता. तो सोडून माहिती वाटून घेण्याची जबाबदारी स्वीकारावी, अशी भूमिका पुढे आली.

सीआयएमधील कॅल्व्हिन अँड्रस यांनी २००४ मध्ये विकी आणि ब्लॉग यांचा गुप्तचर कामात उपयोग करावा, असे सुचवणारा निबंध लिहिला. २००५ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि एप्रिल २००६ मध्ये औपचारिकपणे 'इंटेलिपीडिया' सुरू झाली. विकिपीडिया ज्या मीडियाविकी आज्ञावलीवर चालते, तीच येथे वापरण्यात आली. अतिगोपनीय, गोपनीय आणि अवर्गीकृत अशा तीन पातळ्यांच्या स्वतंत्र जाळ्यांवर तिच्या तीन आवृत्त्या होत्या. विकिपीडियाहून एक महत्त्वाचा फरक होता : येथे निनावी संपादन नव्हते. प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याची ओळख असे, त्यामुळे खोडसाळपणाची भीती जवळजवळ संपली.

शॉन डेनेही आणि डॉन बर्क या सीआयएच्या दोन कर्मचाऱ्यांनी इतर कर्मचाऱ्यांना लिहिते करण्यासाठी अनेक खटाटोप केले. चांगले काम करणाऱ्या संपादकांना ते प्लॅस्टिकचे छोटे फावडे भेट देत. खोदणे या क्रियेवरचा तो विनोद होता आणि टेबलावर ठेवलेले फावडे पाहून शेजारचा चौकशी करी. त्यांनी वापरासाठी तीन तत्त्वे सांगितली. शक्य तितक्या मोठ्या वाचकवर्गासाठी लिहावे. संस्थेनुसार नव्हे, विषयानुसार लिहावे. आणि जुन्या कामात भर न घालता जुन्या पद्धतीच्या जागी नवी आणावी.

तिसरे तत्त्व सर्वांत कठीण ठरले. संस्थेची मोहोर असलेला अधिकृत अहवाल पूर्वीच्याच मार्गाने, वरिष्ठांच्या संमतीच्या पायऱ्या चढत जात राहिला. विश्लेषकाचे मूल्यमापन त्या अहवालांवरून होत असे. विकीवरील पान अनेकांनी मिळून लिहिलेले, सतत बदलणारे आणि कोणत्याच संस्थेच्या नावावर नसलेले. त्याचे श्रेय कोणाच्या सेवापुस्तकात लिहायचे? त्यामुळे उत्साही लोकांनी तेच काम दोनदा केले आणि इतर दूर राहिले. डेनेही आणि बर्क यांना २००९ मध्ये अमेरिकी लोकसेवेतील एक मानाचे पदक मिळाले, परंतु अहवालांच्या व्यवस्थेची जागा विकीने घेतली नाही.

खुलेपणाला दुसरा धक्का २०१० साली बसला. गोपनीय जाळ्यावर उपलब्ध असलेल्या अमेरिकी राजनैतिक तारा एका सैनिकी विश्लेषकाने विकिलीक्सला दिल्या आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. परराष्ट्र खात्याने आपला तारांचा संग्रह त्या जाळ्यावरून काढून घेतला. एका प्रसंगी माहिती न वाटल्याची किंमत मोजावी लागली, दुसऱ्या प्रसंगी वाटल्याची. दोन्हींचा समतोल साधणारे सूत्र अद्याप कोणी मांडलेले नाही. मात्र सर्व दारे बंद करण्याऐवजी कोण काय वाचतो याची नोंद ठेवून असाधारण हालचाल हेरण्याकडे त्यानंतर कल वाढला.

व्यापारी साधनांचा प्रसार

२००८ मध्ये सुरू झालेले यॅमर हे फेसबुक-ट्विटरच्या धर्तीवरील कार्यालयीन समाजमाध्यम मायक्रोसॉफ्टने २०१२ साली १.२ अब्ज डॉलरना घेतले. स्लॅकचा उगम अधिक रंजक आहे. स्टुअर्ट बटरफिल्ड यांच्या कंपनीने ग्लिच नावाचा खेळ बनवला होता. तो चालला नाही आणि २०१२ मध्ये बंद पडला. खेळ बनवताना कर्मचाऱ्यांनी आपसांतील संवादासाठी जी सोय केली होती, तीच कंपनीने २०१३ मध्ये स्वतंत्र उत्पादन म्हणून मांडली. सर्व संभाषणे शोधता यावीत ही त्यामागील मुख्य कल्पना असून स्लॅक हे नावही त्याच अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे जुळवून सांगितले जाते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये टीम्स बाजारात आणले. कोविड-१९ साथीच्या काळात घरून काम करणे भाग पडल्याने या साधनांचा वापर अल्पावधीत प्रचंड वाढला. फेसबुकचे 'वर्कप्लेस' मात्र तग धरू शकले नाही. ते बंद करण्याची घोषणा २०२४ साली झाली.

चुका उघड करणे

यशोगाथा मंचावर ठेवण्यास कोणाची हरकत नसते. खुलेपणाची कसोटी चूक झाल्यावर लागते.

या संदर्भात एमी एडमंडसन यांचे रुग्णालयांतील संशोधन महत्त्वाचे आहे. १९९० च्या दशकात औषधे देण्यातील चुकांचा अभ्यास करताना, उत्तम नेतृत्व असलेल्या परिचारिकांच्या गटांत चुका कमी आढळतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलट निघाले : चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या. या गटांत चुका जास्त घडत नव्हत्या, तर त्या सांगण्याची भीती कमी होती, असा अर्थ त्यांनी लावला. १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी या स्थितीला मानसिक सुरक्षितता असे नाव दिले. ज्या कार्यालयाच्या चर्चापटावर एकही चूक नोंदलेली नसते, तेथील नोंदी या दृष्टीने संशयास्पदच मानाव्या लागतात.

सॉफ्टवेअर उद्योगात गिटलॅब या कंपनीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिचे कर्मचारी देशोदेशी घरून काम करतात आणि कामाच्या पद्धतींची तिची हस्तपुस्तिका महाजालावर कोणालाही वाचता येते. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य विदागारातील सुमारे ३०० गीगाबाइट विदा पुसली जाऊ लागली; आज्ञा थांबवेपर्यंत ४.५ गीगाबाइटच शिल्लक होती. विदेच्या प्रती राखण्याच्या ज्या पाच व्यवस्था होत्या, त्यांपैकी एकही नीट चालू नसल्याचे त्यानंतर लक्षात आले. एका कर्मचाऱ्याने योगायोगाने सहा तासांपूर्वी काढून ठेवलेली प्रत उपयोगी पडली. मधल्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्पांचे तपशील, तितकेच अभिप्राय आणि सुमारे ७०० नवी खाती मात्र गेली.

कंपनीने दुरुस्तीच्या काळातील टिपणे सार्वजनिक दस्तऐवजात ठेवली आणि दुरुस्तीचे थेट प्रक्षेपणही केले. सविस्तर अहवालात त्या अभियंत्याचा उल्लेख नावाऐवजी 'सदस्य १' असा होता आणि भर व्यवस्थेतील उणिवांवर होता : प्रती काढण्याची आज्ञा अपयशी होत असूनही तिची सूचना कोणालाच का मिळत नव्हती, तिची तपासणी करण्याची जबाबदारी कोणाची होती. दोष व्यक्तीवर न ठेवता कारणांचा माग काढणाऱ्या अशा अहवालांची पद्धत या उद्योगात अनेक ठिकाणी रूढ आहे. घटना पूर्ण उघडी ठेवून व्यक्तीचे नाव झाकणे ही निवड लक्षणीय आहे. सर्वच गोष्टी उघड करणे म्हणजे खुलेपणा नव्हे, हे तीतून दिसते.

खुलेपणा आणि पाळत

जे सहकाऱ्याला दिसते ते वरिष्ठालाही दिसते. खुलेपणाची साधने आणि पाळतीची साधने यांतील अंतर कधी कधी फार थोडे असते.

ईथन बर्नस्टीन यांनी दक्षिण चीनमधील मोबाइल फोन बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या विस्तीर्ण सभागृहात प्रत्येक कामगार पर्यवेक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात होता. कामगारांनी काम जलद करण्याच्या अनेक युक्त्या शोधल्या होत्या. परंतु पर्यवेक्षक जवळ येताच ते नियमात सांगितलेल्या संथ पद्धतीने काम करू लागत. नवी पद्धत समजावून सांगण्यात वेळ जाई आणि नियम मोडल्याचा ठपका येण्याची भीती असे. प्रयोग म्हणून काही उत्पादनरांगांभोवती पडदे लावले, तेव्हा तेथील उत्पादन १० ते १५ टक्क्यांनी वाढले. पडद्याआड कामगारांचा आपसांतील खुलेपणा वाढला होता.

बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांच्या २०१८ च्या अभ्यासात, भिंती काढून खुली बैठकव्यवस्था केलेल्या दोन मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आणि ईमेल वाढल्याचे आढळले. सर्वांच्या नजरेत बसलेल्या माणसाने एकांतासाठी संगणकाचा आसरा घेतला. सहयोग साधनांतही असेच घडते : सार्वजनिक वाहिनीवर वरिष्ठांची उपस्थिती जाणवू लागली की खरी चर्चा खासगी संदेशांत सरकते आणि मंचावर अभिनंदने व शुभेच्छा उरतात.

यावरून गटाच्या आतील खुलेपणा आणि गटाबाहेरील खुलेपणा यांत भेद करणे आवश्यक ठरते. कच्चा मसुदा, अर्धवट कल्पना व मतभेद यांना लहान वर्तुळ लागते. निर्णय आणि त्याची कारणे मोठ्या वर्तुळात जाणे हिताचे असते. जेथे प्रारंभापासून सर्व काही सर्वांसमोर ठेवण्याची सक्ती होते, तेथे लोक आधीच ठरवून येतात आणि मंचावर केवळ त्याचे पठण करतात.

भारतातील स्थिती

भारतात कार्यालयीन खुलेपणाची सर्वांत मोठी सार्वजनिक चर्चा संगणकाच्या नव्हे, तर कागदी नस्तीच्या संदर्भात झाली. शासकीय नस्तीवर कनिष्ठापासून वरिष्ठापर्यंत प्रत्येक जण क्रमाने आपली टिपणी लिहितो. अनेकांनी मिळून लिहिलेला आणि कोणी केव्हा काय म्हटले याची नोंद राखणारा दस्तऐवज, या अर्थाने ती विकीच्या जुन्या नातेवाइकासारखी आहे. फरक एवढाच की ती ज्याच्या टेबलावर असेल त्यालाच दिसते.

महाराष्ट्राने केंद्राच्या आधीच, २००२ साली, माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता. २००५ च्या केंद्रीय कायद्यातील कलम ४ ने शासकीय कार्यालयांवर, कोणी मागण्याची वाट न पाहता बरीचशी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. नस्तीवरील टिपण्या या कायद्याखाली येतात की नाही, यावरून वाद झाला. केंद्रीय माहिती आयोगाने जानेवारी २००६ मध्ये त्या माहितीच्या व्याख्येत येतात असा निर्णय दिला. त्याच वर्षी केंद्र सरकारने बहुतांश टिपण्या वगळणारी दुरुस्ती करण्याचे ठरवले. टिपणी उघड होणार असेल तर अधिकारी मोकळेपणाने मत लिहिणार नाहीत, असा त्यामागील युक्तिवाद होता. उलट, टिपणी उघड होईल म्हणूनच प्रामाणिक अधिकाऱ्याला दबावापुढे आपले मत नोंदवण्याचे बळ मिळते, असे विरोधकांचे म्हणणे होते. अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००६ मध्ये आळंदी येथे याविरुद्ध उपोषण केले आणि सरकारने दुरुस्ती पुढे रेटली नाही. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य होते. अल्फा कंपनीतील सल्लागार आणि चिनी कारखान्यातील कामगार यांच्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता.

संशोधनाच्या क्षेत्रात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये क्षयरोगावरील औषधांसाठी मुक्त स्रोत औषध शोध प्रकल्प हाती घेतला. देशभरातील विद्यार्थ्यांना क्षयाच्या जंतूच्या जनुकांविषयी विखुरलेले शोधलेखन वाचून ते एकत्र नोंदवण्याचे काम महाजालावरून देण्यात आले. यातही योगदानाची नोंद व्यक्तिशः ठेवण्यावर भर होता.

दैनंदिन व्यवहारात मात्र अनेक लहान कार्यालयांत, शाळांत व शासकीय खात्यांत सहयोगाचे प्रत्यक्ष साधन म्हणजे व्हॉट्सॲपचा गट. तो कोणालाही शिकवावा लागत नाही, हे त्याचे बळ. परंतु मॅकाफी यांच्या वर्गवारीत तो वाहिनीच ठरतो : नंतर रुजू झालेल्याला सामान्यतः आधीची सर्व चर्चा दिसत नाही, बदली झालेल्याबरोबर त्याच्या फोनमधील इतिहासही जातो आणि परिपत्रक शुभप्रभाताच्या चित्रांखाली गाडले जाते. कामाची नोंद संस्थेच्या ताब्यात न राहता कर्मचाऱ्यांच्या खासगी फोनमध्ये राहते, ही त्यातील मोठी अडचण आहे.

मराठीतून अशी साधने वापरताना आणखी एक व्यावहारिक प्रश्न येतो, तो शोधाचा. एकच शब्द कोणी ऱ्हस्व तर कोणी दीर्घ लिहितो, विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतात ('कार्यालय', 'कार्यालयाच्या', 'कार्यालयांतून'), आणि उसनवारीचे शब्द प्रत्येकाच्या कानाप्रमाणे बदलतात. अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधाला त्यामुळे लिहून ठेवलेली नोंदही सापडत नाही. शिवाय अनेक मराठी भाषक कार्यालयांत काम मराठीतून बोलले जाते आणि इंग्रजीतून लिहिले जाते. ज्याला इंग्रजी लेखनाचा संकोच वाटतो त्याचे ज्ञान मंचापर्यंत पोहोचतच नाही, मग तो कार्यशाळेतील सर्वांत अनुभवी माणूस का असेना.

मराठीतून चालणाऱ्या खुल्या सहयोगाचे ठळक उदाहरण म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया. तेथे प्रत्येक लेखाला चर्चापान आणि संपादनांचा उघड इतिहास असून संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानाला 'चावडी' असे नाव आहे.